हडळीची चाल

"हडळ चालते कशी, ते आधी ठरवा," हेरंब म्हणाला. आम्हा मित्रांना मोबाइलवर पिक्चर काढायचा होता, हसवणारा आणि घाबरवणाराही. मी उठलो आणि डावा पाय फरफटत हॉलभर चालून दाखवलं. पोरांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग सगळी तोंड दाबून हसली.

हेरंबलाच हडळ केलं. आईने स्वतःचा गाऊन दिला, त्याच्या तोंडाला तांदळाचं पीठ फासलं आणि चार दिवस आम्हा सगळ्यांना पोहे खाऊ घातले.

पिक्चर आमच्याच टीव्हीवर लावला. हडळ पाय फरफटत हळदीकुंकवाला निघाली तशी पोरं लोळायला लागली. आईही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"चाल मात्र हुबेहूब जमली हो. कुणी शिकवली?"

"यानेच, काकू," हेरंब म्हणाला.

लकव्यातून उठल्यावर आई पहिल्यांदा पाय ओढत, चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आली होती, तेव्हा टाळ्याही मीच वाजवल्या होत्या.

आता पोरं आली की ती आतूनच सांगते, "चहा ओट्यावर ठेवलाय रे, येऊन घेऊन जा."