अंगठ्यांचं शेत

२०१९ सालची गोष्ट. जुन्या लग्नपत्रिका कापून, त्यांवर रंग आणि शाई फिरवून चित्रं चिकटवायचा सिंधुअक्काला भारी नाद. एके दिवशी तिचा भाऊ श्रीमंत उमरीहून नांदेडला आला आणि तिच्या पसाऱ्यातच त्यानं तीन वस्तू ठेवल्या: हिरव्या काठाची साडी, हक्कसोडीचा लिहून आणलेला स्टॅम्पपेपर आणि शाईचा पॅड.

"अक्का, सही कर अन् शेजारी अंगठा उठव. बापाच्या शेतात बहिणी वाटा घेत न्हाईत, रीतच हाय आपली. उद्या येऊन कागद नेतो."

"ठेव. चहा घे," एवढंच अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत आला, तर भिंतीवर नवं चित्र. स्टॅम्पपेपरच्या पट्ट्या कापून नांगरलेली सरी न् सरी चिकटवलेली, साडीच्या काठाचा बांध घातलेला, आणि ज्वारीची कणसं म्हणून शाईचे अंगठेच अंगठे.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"अंगठा पायजे होता ना तुला? मोज की. लई हायत."

"अन् कागद?"

"आपल्या शेतात हाय."

श्रीमंत त्यानंतर भाऊबीजेला आला नाही. सातबाऱ्यावर आता तीन नावं आहेत. अक्का आपल्या वाट्यात दरसाल ज्वारीच पेरते. आणि लातूरची धाकटी बहीण चंद्रकला? तिलाही साडी आणि कागद पोचलाच होता. अक्काच्या चित्रानंतर आठव्या दिवशी दोन्ही पिशवीत घालून ती अक्काच्या दारात उभी राहिली.

"अक्का, कात्री कुठाय गं?"