तिरफळाचा वास

निलेश अर्ध्या भाकरीवर उठला, तेव्हा हिराच्या हातात दुसरी भाकरी तयार होती.

"भूक न्हाय," तो म्हणाला.

"मगाशी विचारलं काय करू, तर म्हणालात कायपण कर. केलं. आता भूक न्हाय?"

"चांगलं झालंय गो. पोट भरलं."

बर्फाच्या कारखान्यात दिवसभर लाद्या ओढणारा माणूस, त्याचं पोट अर्ध्या भाकरीने भरलं. त्याने तोंड पुसून खुंटीवर टाकलेला टॉवेल तिने उचलला आणि नाकाला लावला. तिरफळ. माशाच्या कालवणात टाकायचं ते तिरफळ तिच्या घरात कित्येक वर्षांत आलं नव्हतं. शमिकाच्या दाताखाली एकदा आलं, जीभ बधिर झाली आणि पोरीने घर डोक्यावर घेतलं, तेव्हापासून बंद.

नवऱ्याची भूक मेली की बायकोला आधी डॉक्टर आठवायला हवा. हिराला काशी आठवली. काशी जेटीजवळ खानावळ चालवायची, तिला नवरा नव्हता, आणि तिच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचं नाव सगळे खलाशी काढायचे.

तो बुधवार होता. गुरुवारी निलेश वालाच्या उसळीबरोबर तीन भाकऱ्या जेवला. शुक्रवारी पुन्हा अर्धी. शनिवारी तीन, रविवारी अर्धी, सोमवारी तीन. हिरा भाकरी वाढत होती आणि डोळ्यांनी मोजत होती. वार असला, घरात मासे नसले की पोटभर जेवण. माशांचा दिवस उजाडला की भूक गायब.

पण काशीची खानावळ वारालाही चालू असते. दर्यावरून आलेल्या खलाशांना कसले वार? म्हणजे ती काशी नव्हे. निलेशला जेवू घालणारी बाई सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी होती. चांगल्या घरातली, देवाधर्माची. काशी परवडली असती. काशीशी भांडता तरी आलं असतं.

मंगळवारी संध्याकाळी तिने कुकर लावला. शमिका क्लासला गेली होती.

"आज काय करू?" तिने विचारलं.

"कायपण," मोबाइलमधून मान वर न काढता निलेश म्हणाला.

"कायपण नावाचा मासा अजून जाळ्यात आला न्हाय."

हे वाक्य खरं तर सासूचं. चार वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या, हौसा परसातल्या दगडी गडग्यापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला गेली, बोलणं बंद झालं. निमित्त काय, तर कालवणातलं मीठ. सासू पलीकडे गेली, पण तिचं बोलणं हिराच्या तोंडात तसंच राहिलं.

ती कांदा चिरून बाहेर आली, तर निलेश नव्हता. अंगणात बाइक उभी होती. पायरीवर त्याच्या चपला होत्या. चपला न घालता माणूस जाऊन जाऊन जाणार किती लांब?

हिराने मागचं दार उघडलं. गडग्याचे वरचे दोन चिरे काढून कोणीतरी पायरीसारखे खाली रचले होते. चिऱ्यावर ओल्या पावलाचा ठसा होता. संध्याकाळी सगळ्या वाडीलाच कालवणाचा वास असतो, त्यातला कुठल्या घराचा कुठला, ते कोण हुंगत बसणार? आज ती चिऱ्यावर उभी राहून हुंगू लागली. मग पदर खोचला आणि चार वर्षांत पहिल्यांदा पलीकडे उतरली.

निलेश पाटावर बसला होता. पुढ्यात ताट, ताटात बांगडा. हौसा हातात डाव घेऊन वाढत होती. हिराला आधी हसू आलं, मग सुटल्यासारखं वाटलं, आणि मग असा राग आला की बाकी सगळं त्याच्याखाली गेलं.

"आईच्या हातचं जेवता ते जेवा. पण चोरून? माझ्या जिवाला इकडे घोर लावून?"

निलेशचा घास हातातच राहिला. "सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?" तो म्हणाला. "एकटीसाठी चूल पेटवीत न्हाय ती. वाराला उपास धरते आणि बाकीच्या दिवशी चाय आणि टोस्ट. समोर कोण बसलं तरच शिजवते."

"शिजवायला काय हात मोडले न्हाईत माझे," हौसा म्हणाली. ती हिराकडे बघत नव्हती. "पण एकटीने विचारायचं कोणाला, आज काय करू म्हणून?"

हिरा भांडायला आली होती. काय काय बोलायचं ते गडगा उतरताना तिने ठरवलंही होतं. तिने खोचलेला पदर सोडला.

हौसाने पायाने दुसरा पाट पुढे सरकवला.

"उभी का गो? बस. उद्या तुझ्या आवडीचं करते. तुला काय आवडतं?"

हिरा बसली. शमिकाला मांदेली लागतात, तीही कडक तळलेली. निलेशला बांगडा, पण डोकं नको. सासूला करलीचं कालवण, त्यात कोकमाची सोलं जरा जास्त. हे सगळं तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पुढचं नाव तिचं स्वतःचं होतं. तिथे काही सापडेना.

"कायपण," ती म्हणाली.

"त्या नावाचा मासा जाळ्यात येत न्हाय गो. सांग."

गडग्यापलीकडे तिच्या कुकरची चौथी शिट्टी झाली, मग पाचवी. हिरा पाटावर बसून आठवत होती.