दर सोमवारी नवी पाळी

साखर कारखान्यात दर सोमवारी पाळी बदलायची. सतरा गळीत हंगाम अण्णासोंनी तसेच काढले, आणि या आठवड्यात मशीनपाशी डुलकी लागली म्हणून त्यांच्या हातात निलंबनाची नोटीस पडली. त्यांचा मुलगा प्रसेनजीत कोल्हापुरात, विद्यापीठात, शरीरातल्या घड्याळावर पीएच.डी. करत होता. तो तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, पेशीत प्रोटीन साठतं आणि एन्झाईम ते मोडतं. त्या फेऱ्यावर माणसाची झोप चालते, तुमच्या नोटीस बोर्डावर नाही. तो फेरा नव्या वेळेला जुळतोय न जुळतोय, तोवर तुम्ही पुन्हा पाळी फिरवता."

मॅनेजर चहाचा घोट घेत हसला. "पुस्तकातलं नका सांगू हो. असं दर आठवड्याला फिरवून उंदरांवर तरी बघितलंय का करून?"

बाहेर बाकावर अण्णासो बसल्या जागी पेंगत होते. प्रसेनजीतच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

"बघणार हुतो की! अर्ज केलता. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीनं फेटाळला. म्हणं, मुक्या जनावरांचं असलं हाल करता येत न्हाईत."