आता माही पाळी

"आज पट्टी नोको. मले घरी न्या," सोमारी म्हणाली आणि अस्वलानं फाडलेला उजवा हात तिनं छातीशी घट्ट धरला.

दाराशी उभा असलेला तिचा नवरा लच्छू खाली पाहू लागला. ज्योत्स्ना सिस्टर ट्रे घेऊन तशीच उभी. रोजचंच झालं होतं. पट्टी सोडायला घेतली की सोमारीचा टाहो अख्ख्या दवाखान्यात घुमायचा. डॉक्टर तर सकाळीच बजावून गेले होते, बोटं आता हलली नाहीत तर कायमची आखडतील. दुखण्याच्या धास्तीनं ही बाई करंगळीसुद्धा हलवेना. उजवा हातच गेला तर रानात वेचणार काय आणि खाणार काय? ज्योत्स्नाचा जीव तुटत होता.

तिनं ट्रे खाली ठेवला. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, रोग्याला डोळे मिटायला लावा, हळू आवाजात छानशा जागी न्या, दुखणं बोथट होतं.

"सोमारीबाई, डोळे मिटा. श्वास सावकाश सोडा. समोर समुद्र हाये..."

सोमारीनं एक डोळा उघडला. "समुद्र मी कवा पाह्यला वं?"

ज्योत्स्नाला हसू फुटलं. खरंच की! शिकवणाऱ्यानं समुद्र दिला, आणि आपण तो जसाच्या तसा गडचिरोलीच्या रानात आणून ओतला.

"बरं, राहू द्या समुद्र. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचाले चला. पहाट झाली. पाला जाळून जागा साफ केली हाये. फुलं टपटप पडून राह्यली. वास येते का?"

सोमारीच्या कपाळावरची आठी सुटली. खांदे सैल पडले. "येते," ती पुटपुटली.

ज्योत्स्ना बोलत राहिली, आणि बोलता बोलता पट्टी ओली करून सोडत राहिली.

"हात लावून राह्यली, समजते का?"

"समजते. दुखून नाई राह्यलं."

तेवढ्यात लच्छू घाईनं जवळ आला, कुजबुजला, "बाई, मोहाखाली काऊन नेलं? तिथीच त अस्वलानं धरलं तिले."

ज्योत्स्नाच्या हातातला चिमटा थांबला. अगं बाई, हे काय करून बसले मी! मोहफुलांच्या दिवसांत ती खायला येणारं अस्वल दुसरं कुठं भेटणार होतं? आधी विचारायला काय झालं होतं? सोमारीच्या पापण्या थरथरल्या, श्वास अडकला. आता ही किंचाळणार, आणि पुन्हा कुणापुढं हात करणार नाही.

"सोमारीबाई, परत या. डोळे उघडा."

"थांब बाई." सोमारीचे डोळे मिटलेलेच होते. अडकलेला श्वास तिनं सावकाश सोडला. "अस्वल गेलं. त्याचं खाऊन झालं. आता माही पाळी."

आणि तिची सुजलेली बोटं हळूच वाकली, चादरीवरून फुलं वेचू लागली.