आठवं कलम

दुकानाच्या शटरला नवं कुलूप होतं. नौशीननं ते एकदा ओढून पाहिलं आणि बोळातनं ती मागच्या खोलीकडे निघाली.

रडायला ती आली नव्हती. रडून झालं होतं परवा, आकाराम तात्यांचा फोन आला तेव्हा. "दुकान द्यायचं रद्द झालंय," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. पाच वर्षांचा भाडेपट्टा महिन्यापूर्वीच नोंदवून झालेला. त्याच्या जोरावर नौशीननं जुना गाळा सोडला, आणि आता बांगड्यांची चाळीस खोकी तिच्या घरात पलंगाखाली, कपाटावर, जागा मिळेल तिथं. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. लग्नसराई लागली की नवऱ्या मुली चुडा भरायला कुणाच्या पलंगावर येऊन बसत नाहीत. हा हंगाम हुकला की पलूसच्या बाजारात मणेरांचं दुकान होतं, एवढंच लोक म्हणणार.

काल मात्र ती सांगलीला शरयू वकिलांकडे जाऊन आली होती. परतीच्या एसटीत तिनं सगळं मनातल्या मनात दोनदा घोकलं होतं.

तात्या फोनवर बोलत होते. ती दारात दिसताच "जरा दम धर" म्हणाले, मोबाईल टेबलावर साखरेच्या डब्याशेजारी पालथा ठेवला आणि तिला खुर्ची दाखवली.

"बस. कुलूप जयराजनं लावलंय. पोरगं जागा इकनार हाय आन मला पुन्याला नेनार. अकराव्या मजल्यावर फ्लॅट हाय त्याचा. तवा तुला दुकान मिळायचं न्हाई."

"जागा कुणाच्या नावावर आहे, तात्या?"

"माझ्या."

"करारावर सही कुणाची?"

"माझीच की."

"मग मला जयराजदादाचं सांगू नका."

"मोठ्यानं बोल, पोरी. कानाला लय कमी यायलंय."

मोठ्यानं तर मोठ्यानं. नौशीन टेबलावर वाकली.

"भाडेपट्टा नोंदवलेला आहे, तो एकट्या तुमच्या मर्जीनं मोडत नाही. आधी पंधरा दिवसांची नोटीस देणार. तरी ताबा नाही दिला तर दिवाणी कोर्टात दावा. ठरल्याप्रमाणं ताबा द्या, असा हुकूम कोर्ट करू शकतं. आणि निकाल लागेपर्यंत जागा कुणाला देऊ नका, विकू नका, म्हणून मनाई हुकूम पहिल्याच तारखेला मागणार."

"आन त्याच्या आदीच इकली तर?"

"विका की. नोंदणी झालीय, म्हणजे घेणाऱ्याला ठाऊक होतं असंच धरतात. माझा करार त्याच्याही गळ्यात. वर माझं नुकसान झालं ते तुमच्याकडून मागीन, ते वेगळंच."

"असली जागा कोन घेनार मग?"

"ते तुमच्या लेकाला विचारा."

भिंतीपलीकडं शेजारणीच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. "बयाबाई, ग्यास बारीक करा, डाळ लागंल," तात्यांनी बसल्या जागेवरनं ओरडून सांगितलं आणि कानामागं हात धरून ते पुन्हा नौशीनकडे वळले.

"समदी कलमं बांधत्यात का एखादं दुसरं?"

"सगळी. तुम्हालाही आणि मलाही."

"ते आठवंबी?"

एवढ्या रागातही नौशीनला हसू आलं. आठवं कलम तात्यांनी ऐनवेळी घालायला लावलं होतं. मुदत संपेपर्यंत मालकानं स्वतः मागच्या खोलीत राहायचं आणि रोज सकाळी पाण्याची मोटर चालू करायची. टाईप करणारासुद्धा हसला होता. बांगड्यांच्या दुकानाला पाणी लागतं कितीसं, प्यायचा एक माठ. पण म्हाताऱ्याची हौस म्हणून तिनं सही केली होती.

"तेही," ती म्हणाली. "पाच वर्षं तुम्ही इथून हलायचं नाही. एक दिवस मोटर चुकली तर त्याचीही नोटीस काढीन."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. तिची अम्मी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन बाजाराला यायची, तेव्हा ती पाटी उतरवून घ्यायला हेच तात्या पुढं व्हायचे. तात्यांच्या रंगुबाई काकी होत्या तोवर दर श्रावणात हिरव्या बांगड्या अम्मीच्याच हातनं भरायच्या. त्या गेल्यापासनं तात्या या खोलीत एकटेच. पण घरातली खोकी आठवली आणि नौशीननं मन घट्ट केलं.

"म्हाताऱ्याची दया न्हाई यायची तुला?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"काय म्हनलीस?"

"नाही म्हटलं," ती जोरात म्हणाली. "दुकान उघडून द्या, नाहीतर कोर्टात भेटू."

तात्यांनी सावकाश मोबाईल उचलून सरळ केला. पडद्यावर जयराजचं नाव होतं, आणि त्याखाली सतरा मिनिटं झालेली.

"ऐकलंस न्हवं, जयराज?" ते म्हणाले. "बाई लय खमकी हाय रं. जागा इकायचं ऱ्हाऊ दे, मला पुन्यालाबी येता यायचं न्हाई पाच वर्सं. मोटर हाय न्हवं."

बोलता बोलता त्यांनी दुसऱ्या हातानं साखरेच्या डब्याखालनं नव्या कुलपाची किल्ली काढली आणि नौशीनच्या पुढ्यात सरकवली.