पूर्ण उजवीकडे

माणूस गेल्यावर त्याचा जीव आवडत्या वस्तूत राहतो, असं म्हणतात. बाबांच्या जुन्या गाडीत तर काहीच राहत नव्हतं. सगळं गळत होतं. स्टिअरिंगचं लाल तेल रोज फरशीवर सांडायचं. ते आज थांबलं नाही तर गाडी भंगारात द्यायची, असं मी आणि ताईनं डोळे पुसत ठरवलं होतं.

गाडीचं तोंड उचलून मी ठोकळे लावले आणि गाडीखाली शिरून नवी नळी बसवली. आता इंजिन बंद ठेवून कुणीतरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायचं, म्हणजे तेलातली हवा निघते आणि गळती असली तर दिसते. ते काम ताईचं. ती दुकानातून यायची होती. थोड्या वेळानं वर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"डावीकडे घे!"

चाकं गर्रकन वळली.

"हळू गं, दळायचं जातं नाहीये ते!"

चाकं हळू झाली. ताईनं माझं ऐकायची ही पहिलीच वेळ.

"आता पूर्ण उजवीकडे."

चाकं टोकाला गेली आणि बोटभर मागे आली. बाबा अस्संच करायचे. टोकाला धरून ठेवलं की पंपाला त्रास होतो म्हणायचे. मला भरून आलं.

"शोभतेस हं बाबांची लेक!"

"कुणाशी बोलतोयस रे?"

ताईच्या चपला फाटकातून आत येत होत्या. "किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिली बघ. लॉक काढल्याशिवाय स्टिअरिंग हललं तरी असतं का?"

माझ्या डोक्याशी चाकं अलगद सरळ झाली.

नळी कोरडी होती.