विळ्याची खाच

"शेळीला पाला घिऊन येतो गं, जयवंता, चुलीवर आधण ठेव." नवऱ्याचा, रामहरीचा आवाज अजून तिच्या कानात ओला होता. आधण आटलं, तोवर तो बैलगाडीत आडवा, मरूनच आला. "साप चावला म्हणायचं. खोप तुझीच ऱ्हाईल," उसाचे मालक आप्पासाहेब म्हणाले होते. उघड्यावर पडू नये म्हणून ती गप्प बसली. आज बारामतीहून विजेचे साहेब तपासणीला आले. आप्पासाहेबांकडं जेवून, पंपाचं कौतुक करून निघाले, तर विजेच्या खांबाला ताण देणाऱ्या तारेला जयवंताची शेळी बांधलेली. "बाई, गुन्हा आहे हा! अशानं माणूस मरतो. दंड होईल!" "अडाणी हाय, सायेब," आप्पासाहेब हसले. जयवंतानं कुडात खोचलेला नवऱ्याचा विळा साहेबांपुढं धरला. पात्याला वितळून काळी खाच पडली होती. "शेळीचा दंड भरते, सायेब. पण धन्याला साप चावला न्हवता. आप्पासाहेबांनी रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली हुती."